सरकीच्या तेलातलं पाणी

पात्याला पाणी देतात असं म्हणायची पद्धत आहे, पण मी त्यासाठी पाणी वापरत नाही. आमच्या नांदुऱ्यात सरकीचं तेल सहज मिळतं. ते मी एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ओततो, तापलेली सळई बुडवून कोमट करून घेतो आणि लालभडक पातं त्यात सोडतो. तेल एकदम भडकतं, धूर डोळ्यांत जातो आणि मऊ पोलाद कडक होतं. माझं पोलाद पाण्यात बुडवलं तर तडकतं. तरी शब्द पाणीच आहे. रविवारी सकाळी चहा पिताना मी घरात सांगायचो, "आज पाणी द्यायचं हाय." बाबा ते आतल्या खोलीतून, पलंगावर पडल्या पडल्या ऐकायचे. ते ऐकताना त्यांना काय वाटत असेल, हा विचार आता माझी पाठ सोडत नाही. तेव्हा तो एकदाही मनात आला नव्हता.

मी एका सरकारी कचेरीत लिपिक आहे. पन्नाशी जवळ आली आहे. घरात कोणी लोहार नव्हता, नातलगांतही नाही. मोबाइलवर परक्या देशातल्या माणसांना लोखंड ठोकताना बघत बघत मला हा नाद लागला. त्यातही मला साध्या सुऱ्या करायच्या नव्हत्या, नक्षीच्या पोलादाच्या करायच्या होत्या. त्यासाठी दोन जातींचं पोलाद लागतं. एक मी भंगारवाल्याकडून आणायचो, ट्रकच्या कमानीचे तुटलेले पाटे. दुसरं आरागिरणीतलं, झिजून टाकून दिलेलं करवतीचं पातं. दोन्हीचे सारखे तुकडे कापायचे, घासून लखलखीत करायचे आणि एकाआड एक रचून भट्टीत घालायचे. ती चळत ठोकून एकजीव झाली की लांबवायची, मधून कापून दुमडायची, पुन्हा ठोकायची. थर वाढत जातात. सगळ्यात शेवटी पातं आम्लात बुडवलं की कमानीचं पोलाद काळं पडतं, करवतीचं चमकत राहतं, आणि ओढा आटल्यावर वाळूवर राहतात तशा रेघा पात्यावर उमटतात. पहिल्यांदा त्या रेघा दिसल्या तेव्हा मी ओलं पातं घेऊन घरभर फिरलो होतो.

या सगळ्यात अवघड काम म्हणजे जोड. चळत पिवळीधमक होईपर्यंत तापवायची, वर लोखंडाचा मळ काढणारा टाकणखार भुरभुरायचा. तो वितळून काकवीसारखा उकळायला लागला की बाहेर काढायची आणि लगेच हातोडा घालायचा. थोडं कमी तापलं तर जोड धरत नाही. थोडं जास्त झालं तर पोलादच जळतं, त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात, आणि मग तो गोळा कशाच्याच कामाचा राहत नाही. त्या वेळी हातातलं सोडून कुठे जाता येत नाही. हे वाक्य मी फार जणांना सांगितलं आहे. स्वतःला सगळ्यांत जास्त वेळा.

माझी भट्टी घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आहे. शेडची एक भिंत म्हणजेच बाबांच्या खोलीची भिंत. तिला वर एक झरोका आहे. पलंग त्याच भिंतीला लागून.

बाबा रेल्वेत चाबीवाला होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रुळांच्या कडेने चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या बघायच्या, ढिली झालेली ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. लहानपणी ते मला कधी कधी फाटकापर्यंत सोबत न्यायचे. हातोडा हलका आपटून म्हणायचे, "आयक. हे बसेल हाय." पुढे जाऊन दुसरीवर आपटायचे. "अन् हे आयक. ढिल्लं हाय. ढब वाजते." मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे, पण मी मान हलवायचो.

मी भट्टी सुरू केली तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि हिंडतेफिरते होते. ऐरणीसाठी रुळाचा तुकडा चांगला, असं मोबाइलवर सगळे सांगत होते. मी तसं बोलून दाखवलं तर ते जेवता जेवता थांबले. "रेल्वेचा खिळाही या घरात आला नाही आजलोक," ते म्हणाले. "अन् तू रूळ आनतं?" मग त्यांनीच मेहकरकडच्या एका बंद पडलेल्या लोहारशाळेतली जुनी ऐरण शोधून काढली. मालवाहू गाडीत तिच्या शेजारी बसून ते स्वतः ती घेऊन आले. एवढा त्यांचा या गोष्टीला पाठिंबा होता. हे सांगणं गरजेचं आहे, कारण पुढे मी याचा फार वाईट उपयोग केला.

त्यानंतर त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डावा हात तेवढा राहिला. सगळं कळायचं, डोळे लख्ख होते, पण तोंडातून एक घरघर सोडली तर काही निघत नव्हतं. सकाळी वंदना म्हणणारा त्यांचा मोठा आवाज गल्लीत ऐकू जायचा, तो थांबला. माझ्या बायकोने त्यांच्या डाव्या हाताशी स्टीलची एक वाटी ठेवली. "बाबा, काही लागलं तं हे पलंगाच्या दांडीवर वाजवा," ती म्हणाली. लोखंडी पलंग होता. आवाज चांगला यायचा.

आठवडाभर सगळं तीच करायची. कूस बदलणं, कपडे, पाठीला पावडर, चमच्याचमच्याने पेज. मी कचेरीत. रविवारची सकाळ तेवढी तिची होती. विहारात वंदना, मग बायकांची बैठक, येताना बाजार. "तू जाय, मी हाव ना घरी," असं मीच तिला म्हणालो होतो. ती जिना उतरल्यासारखी भराभर निघून जायची. कित्येक वर्षांत तिला कुणी असं म्हटलं नसावं.

आणि ती गेली की मी भट्टी पेटवायचो.

पहिल्यांदा वाटीचा आवाज आला तो नेमका जोडाच्या वेळी. मी चळत ऐरणीवर घेतली होती, दोनचार घाव घातले होते, आणि झरोक्यातून टण्, टण् असं आलं. मी चळत परत निखाऱ्यावर टाकून धावलो. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पाणी पुढे केलं, त्यांनी ओठ मिटले. चादर बघितली, कोरडी होती. "काय पाह्यजे बाबा?" मी विचारत राहिलो. ते माझ्याकडे बघत होते. तोंडाची डावी बाजू वर गेली आणि घशातून खर्र खर्र आवाज आला. ते हसत होते. मग त्यांनी वाटी पुन्हा एकदा दांडीवर वाजवली आणि डोळ्यांनी शेडकडे खूण केली.

मला कळलं, किंवा मला वाटलं की कळलं. माझ्या हातोड्याला ते साथ देत होते. आयुष्यभर रुळावर हातोडा मारलेला माणूस, त्याला लोखंडाचा आवाज आला आणि हात गप्प बसला नाही. माझे डोळे भरून आले. भट्टीत परत आलो तर निखाऱ्यावर राहिलेली चळत जळून गेली होती. वाईट वाटलं नाही. त्या दिवशी तसं काही वाटूच शकलं नसतं.

ती गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक जुना मित्र बसतो, मस्करीखोर. तो आधीपासूनच माझ्या मागे लागलेला होता. "बुद्धाच्या घरात तलवारी काऊन बनवून राह्यला बे?" तो विचारायचा.

"सुऱ्या हायेत. कांदे कापाच्या."

"हाव, अंगुलीमालही कांदेच कापत होता."

बाबा वाटी वाजवून ताल धरतात हे ऐकल्यावर तर तो खुर्चीतून उठला. "म्हंजे बापाले ढोलकीवर बसवलं, अन् पोरगा हातोडा घेऊन! आता एक पेटीवाला पाह्य, लग्नाच्या सुपाऱ्या घेऊ." सगळे हसले. मीही हसलो. खरं तर मला बरं वाटलं. कारण आता ही हसून सांगायची गोष्ट झाली होती, आणि अशी गोष्ट एकदा झाली की तिच्याकडे कोणी पुन्हा बघत नाही.

पुढच्या रविवारी वाटी वाजली तेव्हा मी गेलो नाही. शेडमधूनच ओरडलो, "वाजवा बाबा, वाजवा!" आणि हातोडा चालू ठेवला. त्यानंतरच्या रविवारीही तेच.

आता जे लिहितो ते मला आधी लिहायला हवं होतं. ताल धरणारा माणूस आपण थांबलो की थांबतो. मी चळत परत भट्टीत घालायचो, हातोडा बाजूला ठेवायचो, भट्टीला वारा घालणारा ब्लोअर फिरवायचो, तेव्हाही वाटी वाजत असायची. आधी जोरात, मग सावकाश, मग एखादाच ठोका. मला ते ऐकू यायचं. ब्लोअरचा आवाज मोठा होता असं मी म्हणू शकत नाही, कारण तो मोठा नाही. मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, एवढा जोड झाला की जातो. एक जोड झाला की दुसरा असतो. आत जाईपर्यंत ते बहुतेक वेळा झोपलेले असायचे. किंवा डोळे मिटून पडलेले. मी ते झोपलेले समजायचो.

तो उन्हाळा वाईट होता. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. प्यायचं पाणी कॅनने येतं आणि स्वयंपाकघरात माठात असतं. पलंगाशेजारी कुलर होता, त्यात खारं पाणी भरलेलं, आणि ते दिवसभर ठिबकत असायचं. ते ठिबकणं बाबांच्या कानाशी होतं.

त्यांची लघवी आधी गढूळ झाली, मग ताप चढला. दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी तपासलं, सलाईन लावलं आणि बायकोकडे बघून म्हणाले, "पाणी कमी पडतंय हो यांना. स्वतः घेऊ शकत नाहीत, तुम्हीच आठवणीने द्यायला पाहिजे." बायको खाली बघत म्हणाली, "देते जी मी. रोज देते." डॉक्टरांनी मान हलवली, जशी सगळ्यांच्या उत्तरावर हलवत असतील. मी तिच्या शेजारी उभा होतो. औषधाची चिठ्ठी हातात घेऊन मी ती वाचत राहिलो.

सोनाळ्याला दिलेली माझी धाकटी बहीण फोनवर तिला म्हणाली, "वहिनी, पान्याकडे ध्यान दे न बाई." घरी आल्यावर बायकोने एक मोठी बाटली घेतली आणि तिच्या मध्यावर लाल दोरा बांधला. दुपारपर्यंत पाणी दोऱ्याच्या खाली गेलं पाहिजे. तिला स्वतःवरच भरवसा राहिला नव्हता. आपली चूक होते कुठे, हे ती त्या दोऱ्यावर शोधत होती.

बाबा घरी आल्यानंतरच्या रविवारी ती विहारात जायला तयार नव्हती. मी तिला जवळजवळ ढकलूनच पाठवलं. "बाटली भरेल हाय, मी देतो," म्हणालो. मी एकदा दिलंही. मग भट्टीकडे गेलो. थोडंसंच करायचं होतं, चळत आधीच तयार होती. घराच्या फाटकाची कडी वाजली तेव्हा मी आत धावलो, तर बाटलीतलं पाणी दोऱ्याच्या बरंच वर होतं. बाबा जागे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या देखत बाटली उचलली आणि त्यातलं पाणी कुलरमध्ये ओतलं.

बायको आत आली, तिने पिशवी ठेवायच्या आधी बाटलीकडे पाहिलं. "आज पेले वाटते बरे," ती म्हणाली. तिचा चेहरा किती सैल झाला होता ते मला अजून दिसतं. मी हो म्हणालो. हे मी एकदा केलं असं लिहिणार होतो. एकदा नाही.

श्रावणात बहीण आली, बाबांना भेटायला, चार दिवस राहायला. रविवार होता. बायको विहारात गेली होती, बहीण घरात होती म्हणून मी निर्धास्त भट्टी पेटवली. जोडाची वेळ आली, हातोडा सुरू झाला, आणि आतून वाटी वाजायला लागली. थोड्या वेळाने वाटीचा आवाज थांबला. मी दोन जोड पुरे केले. मग बहीण शेडच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात रिकामा पेला होता.

"दादा, तुले आयकू येत नाही काय?"

"काय?"

"बाबा केव्हाचे वाटी वाजवून राह्यले."

मी हसलो. त्या गोष्टीची मला इतकी सवय झाली होती की हसू आपोआप आलं. "अवं, ते ताल धरतात. मी मारलं का ते मारतात. त्याईले लोखंडाचा आवाज आवडते."

"ताल?" ती म्हणाली. "पानी मांगून राह्यले ते. मी चमच्यानं पाजलं. चमचा बाजूले घेऊच देईनात. पेलाभर पेले." मग तिने भट्टीकडे, ऐरणीकडे, टांगलेल्या सांडश्यांकडे पाहिलं. "ताल म्हनते," ती स्वतःशीच बोलली आणि आत गेली.

मी ब्लोअर बंद केला. चळत निखाऱ्यात होती ती तिथेच काळी पडत गेली.

बहिणीने वहिनीला काही सांगितलं नाही. ती गेल्यावर मीच सांगितलं, वाटीचं सगळं, आणि कुलरचंही. बायको भाजी निवडत होती. ती निवडतच राहिली. ताट रिकामं झाल्यावर ती उठली, बाटलीचा लाल दोरा सोडला, बोटाला गुंडाळला. "डॉक्टर मले बोलले," ती म्हणाली, "तवा तुमी बाजूलेच उभे होते." एवढंच. रविवारचं विहारात जाणं तिने बंद केलं. बैठकीच्या बायका विचारायला आल्या तर म्हणाली, बाबाईजवळ कोणी नसते.

मी भट्टी बंद केली. निखाऱ्यांवर पत्रा टाकला, हातोडे पोत्यात भरले. बाबांच्या खोलीत दुसरी खुर्ची आणून रविवारभर तिथे बसायला लागलो. दर थोड्या वेळाने पाणी द्यायचो. ते दोनतीन चमचे घ्यायचे आणि मान वळवायचे. माझ्याशी त्यांचा काही राग आहे असं दिसत नव्हतं. दिसलं असतं तर बरं झालं असतं.

आणि मग लक्षात आलं की वाटी वाजतच नाही. मी असताना नाही, आणि बायकोसाठीही नाही. ती हाताशी वाटी ठेवायची, ते बोटांनी ती धरायचे आणि पोटावर ठेवून द्यायचे. तहान लागली तरी, चादर ओली झाली तरी. डॉक्टरांना दाखवलं. हाताची ताकद आहे, म्हणाले, कळतंही सगळं, पण कधी कधी माणूस सोडून देतो. मला एवढंच वाटतं, ज्याच्या हाकेचं एवढं मोठं गाणं करून टाकलं त्याने पुन्हा हाक का मारावी.

त्या उन्हाळ्यात केलेली एक सुरी आमच्या स्वयंपाकघरात आहे. आम्लातून काढली तेव्हा लाटा सुरेख आल्या होत्या, पण मधोमध एक काळी रेघ निघाली, केसाएवढी. तिथे जोड धरलेला नाही. कांदा कापला की त्याचा रस त्या रेघेत बसतो आणि ती तांबूस होते. बायको चिंच लावून घासते. पुन्हा तांबूस होते. दुसऱ्या सुऱ्या आहेत, पण ती हीच वापरते, आणि मी ती फेकून द्यायचं बोललो नाही.

थंडी सुरू झाल्यावर एके दिवशी बायको म्हणाली, "पेटवा तुमची भट्टी."

मला वाटलं ती टोमणा मारते आहे.

"खरं म्हनते. तुमचा हातोडा चालू असला का तवाच त्याईले वाजवाची याद येत होती. बंद केला तसे तेही बंद झाले. पेटवून पाहा. मी बसते त्याईजवळ."

पेटवली. काही महिन्यांनी हात चालवले, खांदा भरून आला. मी एक घाव घालायचो आणि कान झरोक्याकडे लावायचो. लोखंड असं ठोकता येत नाही, ते निवत जातं. मी तसंच ठोकत होतो. तो रविवार गेला, पुढचाही गेला. मग एकदा चळत पिवळी होऊन टाकणखार उकळत असताना आतून एक टण् आलं. एकच, बारीक. मी सांडशी सोडली. चळत विस्तवातच होती. आत गेलो तर बायको उभी राहिली होती, तिने तोंडावर हात धरला होता. मी बाबांना उशीला टेकवून बसवलं आणि पाणी दिलं. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला ओठ मिटले. मागे शेडमध्ये पोलाद तडतड जळत होतं, त्याचा करपट वास झरोक्यातून येत होता. बाबांचे डोळे तिकडे वळले. "जळू द्या," मी म्हणालो.

त्यानंतर माझा तोच नियम झाला. वाटी वाजली की हातात काहीही असो, जायचं. कधी पाणी हवं असायचं, कधी पायावरची चादर काढून हवी असायची, कधी काहीच नसायचं, ते नुसते बघायचे आणि मी खुर्चीत बसायचो. एकदा मला वाटलं, हसले. विचारायला मार्ग नव्हता. जळालेले गोळे मी शेडच्या दाराशी टाकत गेलो. त्यांचा ढीग झाला. कचेरीतला तो मित्र एकदा घरी आला, तेव्हा त्याने पायाने एक गोळा उलटा केला. "हे काय बे? सारा कोळसा करून ठेवला. हात गेला काय तुझा?"

"बाबानं आवाज देल्ला होता," मी म्हणालो.

त्याने तो गोळा पायाने परत सरळ केला. चहा घेऊन गेला.

हळूहळू बायको पुन्हा रविवारी विहारात जायला लागली. तिने मला काही विचारलं नाही, मी काही वचन दिलं नाही. परत आल्यावर ती पिशवी ठेवायच्या आधी मागे येते आणि त्या ढिगाकडे बघते. आधी जसं बाटलीकडे बघायची तसं. नवा गोळा पडलेला असला की आत जाते. त्या ढिगात मला काही ओतून खोटं करता येत नाही.

पण आता काही आठवडे झाले, ढिगात भर पडलेली नाही. बाबा खूप झोपतात. खरोखरचे झोपतात, मी जवळ जाऊन श्वास बघतो. मी ठरावीक वेळाने पाणी देतोच, ते घेतात किंवा ओघळू देतात. मधल्या वेळात भट्टी चालू असते, हातोडा चालू असतो, आतून काही येत नाही. कोणी बोलावत नसल्याने माझं कामही पुढे सरकत राहिलं. जोड धरले, थर वाढले, पातं घडलं, त्याला सरकीच्या तेलात पाणीही देऊन झालं. परवाच्या रविवारी ते आम्लातून काढून धुतलं. वरपासून खालपर्यंत लाटा, कुठे तुटलेल्या नाहीत. उजेडात तिरपं धरून, नख फिरवून मी ती काळी रेघ शोधली. नव्हती. असं पातं मला यापूर्वी कधी जमलं नव्हतं.

फाटकाची कडी वाजली. बायको मागे आली. तिने ढिगाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ओल्या पात्याकडे.

"नाही वाजवलं?"

"नाही."

"चांगलं झालं हे," ती पात्याबद्दल म्हणाली आणि आत गेली.

मी पातं पुसत होतो तेवढ्यात झरोक्यातून आवाज आला. टण्. पुन्हा टण्. पातं ऐरणीवर टाकून मी धावलो, वाटेत माठातून पेला भरला, पाणी अंगावर सांडलं. दारात पोचलो तर बायको पलंगाच्या काठावर बसली होती. बाबांच्या डाव्या हातात वाटी होती, आणि त्या हाताभोवती तिने आपला हात धरला होता. तीच तो हात उचलून दांडीवर आपटत होती. लहान मुलाला पाटीवर गिरवायला शिकवतात तसं.

"असं, बाबा," ती म्हणत होती. "असं वाजवा. ते येतात. पाहा, आले."

मग तिने आपला हात हळूच काढून घेतला आणि आम्ही दोघं वाट बघत राहिलो. वाटी दांडीला टेकलेली होती. बाबांची बोटं तिच्यावर होती, ती हलली नाहीत. मी पलंगाशी गेलो, त्यांची मान हातावर घेतली आणि चमचा ओठांना लावला.